घर ते शाळा : १८० किलोमीटर

मूल शाळेत ‘घालतात’. कॉलेजसाठी पुण्याला ‘ठेवतात’. नवोदयला नंबर लागला तर ‘पाठवतात’. पण मतिमंद मुलाला निवासी शाळेत नेलं की गाव म्हणतं, ‘टाकलं’. माझ्या आईने हा शब्द पहिल्यांदा १९८६च्या जूनमध्ये विहिरीवर ऐकला. भरलेली कळशी तिथेच ठेवून ती घरी आली. संध्याकाळी मी जाऊन ती कळशी आणली.

माझा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. आमचं गाव गुहागर तालुक्यात. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तीन वर्षं भाऊ त्यांच्या वर्गात पहिल्या रांगेत बसला. पाटीवर रेघा ओढायचा, घंटा झाली की सगळ्यांच्या आधी उठायचा, प्रार्थनेचा सूर बरोबर धरायचा. शब्द मात्र यायचे नाहीत. पुढे रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलात चाचणी झाली. दाखल्यावर बुद्ध्यांक ४२ आला. त्या वेळच्या भाषेत ‘मध्यम मतिमंद’, ‘प्रशिक्षणक्षम’. डॉक्टर म्हणाले, ‘विशेष शाळेत घाला.’ अशी शाळा कुठे आहे, तिथे जागा आहे का, हे सांगणं त्यांचं काम नव्हतं, आणि ते नेमकं कोणाचं काम आहे हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. अण्णांनी पोस्टकार्डं पाठवली. दोन ठिकाणांहून ‘जागा नाही’ असं उत्तर आलं, एका ठिकाणाहून काहीच आलं नाही. होकार आला तो घाटावरच्या, कऱ्हाडच्या पुढच्या एका शाळेतून. घरापासून १८० किलोमीटर.

पहाटेच्या एसटीने चिपळूण, तिथून कुंभार्ली घाट. घाटात भावाला उलट्या व्हायच्या, म्हणून आईने लिंबू आणि जुनं लुगडं बरोबर घेतलं होतं. कोयनानगर, पाटण, कऱ्हाडला गाडी बदलायची. पत्र्याच्या ट्रंकेवर अण्णांनी स्वतःच्या हाताने त्याचं नाव रंगवलं होतं; ताट, वाटी, पेल्यावर कोरून घेतलं होतं. शाळेने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘महिनाभर भेटायला येऊ नका. मूल रुळू द्या.’ भाऊ रात्री झोपेत उठून बाहेर चालू लागायचा, म्हणून आई आपल्या मनगटाला आणि त्याच्या मनगटाला एक सुती दोरी बांधून झोपायची. तो गेल्यावर कितीतरी महिने ती मध्यरात्री उठून बसायची. दोरी ओढली गेली नाही म्हणून तिला जाग यायची.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. गेली काही वर्षं सुट्टी लागताना आणि शाळा उघडताना निवासी विशेष शाळांच्या फाटकाशी उभी राहून पालकांशी बोलत आले आहे. त्यांची नावं आणि गावं इथे लिहिलेली नाहीत, भावाचंही नाव नाही.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करायला हवा. ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया. बुद्धी ठीक असते, पण वाचणं, लिहिणं किंवा आकडे अडतात. ‘बौद्धिक अक्षमता’ वेगळी. बोली भाषेत आणि शाळांच्या पाट्यांवर जिला अजून ‘मतिमंदत्व’ म्हणतात ती. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले, तेव्हा ती आत आली. या मुलांच्या पालकांना लांब पळावं लागतं ते बहुधा दाखल्यासाठी. राज्यातल्या परीक्षांत सवलती १९९०च्या दशकातच मिळू लागल्या, पण त्यासाठी लागणारा दाखला मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी मिळायचा. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ साली आला आणि महाराष्ट्र रडला. त्यातल्या मुलाला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत धाडतात आणि तो अबोल होतो. तिथे त्याला एक चांगला शिक्षक भेटला म्हणून गोष्ट सावरली. मी हा लेख मुख्यतः दुसऱ्या मुलांविषयी लिहिते आहे. ज्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत, आणि ज्यांना लांबच्या शाळेत नऊ-दहा वर्षं काढावी लागतात.

या शाळा लांब का पडल्या, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली. होरमसजी आणि दिना वकील यांच्या जय या मुलीला डाउन सिंड्रोम होता, तिला कुठली शाळा घेईना म्हणून आईवडिलांनी स्वतः शाळा काढली. पुण्यात ‘कामायनी’ १९६४ साली उभी राहिली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ सुरू केली, तीही मुलगा गौतम याच्यामुळे. त्या स्वतः शिक्षिका होत्या. बदलापूरची ‘आधार’ ही निवासी संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभारली. या सगळ्या माणसांविषयी मला अपार आदर आहे. पण ज्या पालकांकडे शिक्षण होतं, ओळखी होत्या, त्यांच्या गावात शाळा झाली. सरकारने पुढे अनुदान दिलं ते संस्थांनी मागितलं तिथे. एखाद्या तालुक्यात अशी किती मुलं आहेत हे मोजून शाळा काढल्या, असं झालं नाही. २०१६च्या कायद्याच्या कलम १७ने शाळकरी वयाच्या दिव्यांग मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. २०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे १५ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. त्यांच्या घरापासून त्यांच्या शाळेचं अंतर किती, हा प्रश्न जनगणनेत नव्हता.

अंतर मोजायचं नसतं असं मात्र नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने २०११ साली नियम केले. त्यांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी, असं स्पष्ट म्हटलं आहे.  आणि २०१६च्या कायद्याचं कलम ३१ सांगतं की, ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीनुसार मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवडीनुसार. मला भेटलेल्या पालकांपैकी एकानेही ‘आम्ही निवडली’ असं क्रियापद वापरलं नाही. ‘मिळाली’ म्हणाले, ‘जागा होती’ म्हणाले, ‘साहेबांनी सांगितली’ म्हणाले.

जवळच्या शाळेत का नाही, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारला. गावातल्या शाळेने नाव दाखल केलेलं असतं, कारण नाकारता येत नाही. मूल हजेरीपटावर असतं. पण साठ मुलांचे दोन वर्ग एकत्र घेणाऱ्या गुरुजींना त्याच्या चड्डीचं काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. समग्र शिक्षाचे फिरते विशेष शिक्षक येतात, एकेकाकडे इतक्या शाळा की पंधरवड्यातून एकदा पाळी आली तर पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मुलांमागे १. महाराष्ट्राने २०२४मध्ये दर केंद्राला एक अशी ४,८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. मी शिक्षिका म्हणून सांगते, शौचाला सांगायला शिकवायचं असेल तर ते रोज, दिवसातून सहा वेळा, महिनोन्‌महिने करावं लागतं. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला ते जमणार नाही, तो कितीही चांगला असो.

आणि इथेच सगळ्यात क्रूर गाठ बसली आहे. बहुतेक निवासी शाळांचे प्रवेशाचे तोंडी नियम सारखे असतात: मुलाला शौच-लघवी सांगता आली पाहिजे, फिट येता कामा नये, मारकं नसावं, स्वतःच्या हाताने जेवता यावं. शाळेची बाजूही मी समजू शकते; रात्री पन्नास मुलांमागे दोन काळजीवाहक असतील तर ते काय करतील? पण याचा अर्थ असा होतो की, ज्या मुलाला शिकवण्याची गरज सर्वांत जास्त, त्याला जवळची शाळा नाकारते आणि ते लांबच्या शाळेकडे ढकललं जातं. एका वडिलांनी मला पाच गावांची नावं बोटांवर मोजून दाखवली. प्रत्येक गाव आधीच्यापेक्षा घरापासून लांब होतं. पाचव्या ठिकाणी मुलीला घेतलं, कारण तिथल्या बाईंनी विचारलं, ‘फिट कधी येते?’ आधीच्या चार ठिकाणी ‘फिट येते का?’ असं विचारलं होतं.

भेटीचा खर्च कुठल्याच योजनेत नसतो. एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे, गंभीर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. पण सोबती हा सोबत असेपर्यंतच सोबती. मुलाला सोडून बाप एकटा परत निघाला की पूर्ण तिकीट. भेटायला जाताना पूर्ण, येताना पूर्ण. २०१६च्या कायद्याच्या कलम १६ने शाळांना सांगितलं आहे की, मुलाच्या आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्याच्याही वाहतुकीची सोय करा. म्हणजे कायद्याला सोबती ठाऊक आहे. निवासी मुलाच्या पालकाला मात्र तो सोबती मानत नाही. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून फाटकाशी आया जास्त दिसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पूर्वी वडील यायचे, ‘दोघांचं भाडं कशाला’ म्हणून. एक आई मला म्हणाली, ‘सहा वर्षांत पहिल्यांदा त्याची खाट पाहिली, ताई.’

बीड जिल्ह्यातल्या एका जोडप्याविषयी थोडं सविस्तर लिहिते. ऊसतोडीला जाणारा ‘कोयता’, म्हणजे नवराबायको मिळून. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते आणि उन्हाळा लागल्यावर परतते. मोठी दोन मुलं गावातच हंगामी वसतिगृहात राहतात. तिसरा मुलगा, बौद्धिक अक्षमता असलेला, पूर्वी बरोबर फडावर यायचा. कोपीत त्याला खांबाला बांधून आई ऊस तोडायची. हे सांगताना तिने मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. एका मुकादमाने शाळेचा पत्ता दिला. मुलगा निवासी शाळेत गेला, आणि पहिल्याच वर्षी दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा आईबाप कर्नाटकात फडावर होते. शाळेचा निरोप आला, ‘मुलाला घेऊन जा, इथे कोणी थांबत नाही.’ उचल घेतलेली, मुकादम सोडेना. शेवटी आजी, साठी उलटलेली, तीन गाड्या बदलून गेली आणि त्याला घरी आणलं. त्या आईला मी विचारलं, शाळा लांब आहे याचा त्रास होतो का? ती म्हणाली, ‘आम्हीच लांब असतो. शाळा निदान एका जागी आहे.’ दूरच्या शाळेच्या बाजूने इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आणि तिचं खरं आहे. माझ्या भावाला शाळेने पुष्कळ दिलं. पहिल्या दिवाळीत तो घरी आला तो स्वतःची वळकटी बांधायला शिकून. ताट स्वतः घासून पालथं घातलं. शर्टाची बटणं लावली, एक वरखाली, पण लावली. अण्णा पाहतच राहिले. आई आत गेली. रात्री ती म्हणाली, ‘मी नऊ वर्षं करत होते ते चुकीचं होतं का?’ ती चुकली नव्हती. घरी तो एकटा असा होता. तिथे बटणं लावणारी वीस मुलं होती आणि त्याला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. पण त्याच सुट्टीत आम्हाला दिसलं की, तो भाकरीचा तुकडा उशीखाली लपवतो आणि कोणी हात वर केला की डोकं झाकतो. ‘कोणी मारलं?’ याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याला बोलताच येत नव्हतं. हाच या अंतराचा गाभा आहे. साधं मूल वसतिगृहातून पत्र लिहितं, फोन करतं, चोरून पळूनही येतं. या मुलाचं म्हणणं कळण्याचा एकच मार्ग असतो: रोज त्याच्याकडे पाहणारा माणूस. १८० किलोमीटरवरून रोज पाहता येत नाही. आता व्हिडिओ कॉल आहेत. एक मुलगा मोबाईल उलटा करून मागे आई आहे का पाहतो, असं त्याच्या आईने सांगितलं. मग तिने कॉल करणंच बंद केलं.

भीती निराधार नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेतल्या हालाच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या वसतिगृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने काही आरोपींना दोषी ठरवलं. त्या वसतिगृहातल्या अनेक मुलींना भेटायला येणारं कोणी नव्हतं. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक आईला ‘कळंबोली’ हा शब्द माहीत होता. त्यातल्या दोघींना त्या गावाचा जिल्हा माहीत नव्हता, शब्द माहीत होता.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि निवासी मुलं ट्रंका घेऊन घरी आली. दीड-दोन वर्षं ती घरात राहिली. काही घरांत त्या काळात कमावलेलं सगळं गेलं: लघवी सांगणं, स्वतः जेवणं, रात्रीची झोप. काही घरांत उलट घडलं. एका वडिलांचं शिवणकाम बंद पडलं होतं, म्हणून ते मुलीला घेऊन दिवसभर बसले. तिला धाग्याचे रंग वेगळे करता येतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं. शाळा उघडल्यावर तिला परत पाठवताना आपल्याला जितकं जड गेलं तितकं पहिल्या वेळी गेलं नव्हतं, असं ते म्हणाले. पण त्यांनी पाठवलं. शिवणकाम पुन्हा सुरू झालं होतं.

आता माझ्या वाट्याचं सांगते. १९९३ साली मला बघायला पाहुणे येणार होते. मे महिना, भावाची सुट्टी. मध्यस्थाने अण्णांना सुचवलं की मुलाला या वेळी जरा उशिरा आणा. अण्णांनी शाळेला पत्र टाकलं. भाऊ दहा दिवस रिकाम्या वसतिगृहात स्वयंपाकीणबाईंजवळ राहिला. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले. अंतर आमच्या सोयीचंही झालं होतं. हे लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. कारण फाटकाशी भेटलेल्या कितीतरी घरांत मोठ्या बहिणीचं लग्न, भावाची नोकरी, नव्या सुनेचं आगमन यांच्या तारखांना धाकट्याची सुट्टी लांबलेली मी ऐकली. ‘टाकलं’ म्हणणारं गाव चूक आहे. पण त्या गावाच्या भीतीने आम्ही मूल दडवलं, तेही चूकच होतं.

१९९५ साली भाऊ १८ वर्षांचा झाला. शाळेतून कार्ड आलं, ‘वय पूर्ण झाले आहे, पाल्यास घेऊन जावे.’ त्याच वर्षाच्या शेवटी संसदेत अपंग व्यक्ती कायदा मंजूर झाला. भाऊ तोवर ट्रंक घेऊन घरी आला होता. नऊ वर्षं त्याला घंटेवर उठायची, ओळीत बसायची सवय लागली होती. घरी घंटा नव्हती. तो रोज सकाळी अण्णांच्या शाळेच्या घंटेला उठून फाटकाशी जाऊन उभा राहायचा, आणि पोरं हसायची. १८ वर्षांनंतर कुठे, हा प्रश्न आजही तसाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि वय झाल्यावरही त्यांना बाहेर काढलं नाही. यासाठी कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं भांडत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालक नेमते. आईअण्णांच्या मागे त्या समितीने मला भावाची पालक नेमलं. म्हणून पालकांच्या अनुभवांविषयी लिहिण्याचा थोडा हक्क मलाही आहे, असं मी मानते.

राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे माझी मागणी छोटी आहे. निवासी विशेष शाळांच्या पटावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रकाना वाढवा: घरापासूनचं अंतर. ज्याचं अंतर ५० किलोमीटरहून जास्त आहे, त्याच्या आईवडिलांचं महिन्यातून एका भेटीचं भाडं अनुदानात धरा आणि रात्री एक जादा काळजीवाहक द्या. मूल १६ वर्षांचं झालं की पुढची सोय काय, हे पालकांना लेखी कळवा. आणि रकाना भरल्यावर कुठल्या तालुक्यातली मुलं सगळ्यात लांब जातात ते दिसेल. पुढची शाळा तिथे काढा.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे की, दिवाळीत तुमच्या गावातलं किंवा सोसायटीतलं असं एखादं मूल सुट्टीला घरी आलेलं असेल. त्याच्या घरी फराळाला जा. आमच्या घरी त्या नऊ दिवाळ्यांत कोणी आलं नव्हतं.